उत्तर बरोबर कशावरून? संगणकीय विज्ञानाचं चांगलं शिकवणं ओळखायचं कसं

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, 'यंदा उत्कृष्ट शिक्षक समितीवर तुम्ही आहात, विज्ञान शाखेतले संगणकीय विषय तुम्हीच बघा,' की नवख्या माणसाची पहिली धाव फायलीकडे जाते. फाईल जाडजूड असते. एफडीपीची (शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमांची) प्रमाणपत्रं, स्मार्टबोर्डसमोरचे फोटो, विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म, निकालाचे टक्के. दुपारच्या चहापर्यंत गुण देऊन मोकळं होता येतं.

मीही एकदा अशीच मोकळी झाले होते. एका कॉलेजात (नाव कशाला) आम्ही ज्यांची शिफारस केली त्यांनी ग्रहांच्या गतीचं देखणं त्रिमिती ॲनिमेशन केलं होतं. दोन महिन्यांनी त्याच वर्गाला मी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून गेले. 'प्ले'चं बटण कुठे आहे ते मुलांना पक्कं ठाऊक होतं. सूर्याजवळ आल्यावर ग्रहाचा वेग का वाढतो आणि प्रोग्रॅममधल्या कुठल्या ओळीमुळे तो पडद्यावर वाढलेला दिसतो, हे मात्र एकालाही सांगता येईना. तेव्हापासून फाईल मी सगळ्यात शेवटी उघडते. पुढचा क्रम त्या फजितीनंतर हळूहळू बसलेला आहे. समितीवर पहिल्यांदा आलेल्यांसाठी तो लिहितेय. नव्याने शिकवायला लागलेल्यांनी तो उलट्या बाजूने वाचला तरी चालेल.

पायरी १ : विषय कोणता, ते आधी नक्की करा

संगणक विज्ञान आणि संगणकीय विज्ञान यांची गल्लत समितीत हमखास होते. पहिलं संगणकाचं शास्त्र : डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस वगैरे. दुसऱ्यात निसर्गातला एखादा प्रश्न गणितात मांडायचा, संगणकाकडून सोडवून घ्यायचा आणि आलेलं उत्तर परत निसर्गाशी ताडून बघायचं. तिथे संगणक हे हत्यार आहे.

बी.एस्सी.च्या वेळापत्रकात या दुसऱ्या विषयाला स्वतःचं घर नसतं. भौतिकशास्त्रात तो कॉम्प्युटेशनल फिजिक्सच्या पेपरात सापडेल, गणितात न्यूमरिकल मेथड्समध्ये, जीवशास्त्रात बायोइन्फर्मेटिक्सच्या प्रात्यक्षिकांत. शिकवणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. गणितवाले विचारतात सिद्धता कुठे आहे, भौतिकवाल्यांना हे नुसतं कोडिंग वाटतं आणि संगणक विभागाला तेच कोडिंग बाळबोध वाटतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९९०च्या दशकात पदवीच्या वर्गांना संगणकीय विज्ञान आणि अभियांत्रिकी शिकवणाऱ्यांसाठी वेगळे पुरस्कार काढले होते, ते मला म्हणूनच पटतात. तुमच्या समितीत वेगळा गट नसेल, तर निदान या विषयाच्या शिक्षकाला डेटाबेस शिकवणाऱ्याच्या पट्टीने मोजू नका.

पायरी २ : वर्गावर जाण्याआधी प्रश्नपत्रिका मागवा

अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत सगळेच 'चिकित्सक विचार' लिहितात. खरं काय ते अंतर्गत परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत कळतं. मागच्या तीन सत्रांच्या मागवा.

न्यूटन-रॅफसन पद्धतीचा (स्पर्शिका काढत काढत समीकरणाच्या मुळाजवळ जायच्या रीतीचा) प्रश्न शोधा, असतोच. बहुतेक ठिकाणी तो असा असेल : 'क्ष³ − २क्ष − ५ = ० या समीकरणाचं मूळ चार दशांश स्थळांपर्यंत काढा.' उत्तर २.०९४६. गंमत म्हणजे न्यूटनने १६६९च्या सुमारास ही रीत मांडताना हेच समीकरण उदाहरणाला घेतलं होतं. साडेतीनशे वर्षं झाली, आपण अजून तेच विचारतोय! हा प्रश्न वाईट नाही, पण कॅल्क्युलेटर धरता येणाऱ्या कुणालाही तो सुटतो आणि प्रोग्रॅमला तर विचारही करावा लागत नाही.

आता हा बघा : 'क्ष³ − २क्ष + २ = ० साठी शून्यापासून सुरुवात करा. काय होतं ते लिहा, का होतं ते आलेख काढून दाखवा, आणि प्रोग्रॅम अडकू नये म्हणून काय कराल ते सांगा.' इथे पद्धत शून्यावरून एकवर जाते, एकवरून परत शून्यावर आणि जन्मभर तशीच झोके घेत राहते. विद्यार्थ्याला स्पर्शिका काढावी लागते, पद्धत कधी फसते ते बघावं लागतं आणि किती फेऱ्यांनंतर थांबायचं याची मर्यादा प्रोग्रॅममध्ये घालावी लागते. दोन्ही प्रश्नांना पाचच गुण. पण दुसरा प्रश्न काढणाऱ्याच्या वर्गावर मी वेळ काढून जाते.

पायरी ३ : प्रात्यक्षिकाला जा आणि मागच्या बाकावर बसा

व्याख्यानाला गेलात तर व्याख्यान बघून याल. या विषयाचं शिकवणं लॅबमध्ये दिसतं. पूर्ण बॅच संपेपर्यंत बसायच्या तयारीनेच जा, आणि शिक्षकाकडे कमी, मुलांच्या स्क्रीनकडे जास्त बघा.

एका तालुक्याच्या गावी पाहिलेली एक बॅच सांगते. एसवायची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची मुलं, विषय स्प्रिंगला टांगलेलं वजन. वस्तुमान एक, स्प्रिंगचा स्थिरांक एक, वजन एक एकक ओढून सोडलेलं. ऑयलरची पद्धत (वेळेचे छोटे टप्पे, म्हणजे स्टेप, पाडून एकेक टप्पा पुढे सरकायची), म्हणजे प्रोग्रॅमचा गाभा दोन ओळींचा :

नवी जागा = जुनी जागा + जुना वेग × स्टेप
नवा वेग = जुना वेग − जुनी जागा × स्टेप

स्टेप ०.१ सेकंद, एकूण शंभर स्टेप. आलेख आला. डोलणं दर फेरीला मोठं होत चाललेलं. दहा सेकंदांत जेमतेम दीड झोका होतो, तेवढ्यात वजन १ ऐवजी १.६पर्यंत लांब जाण्याइतकी ऊर्जा घेऊन बसलं होतं. पहिल्या बाकावरच्या मुलीने प्रिंट काढायला घेतली. मॅडम तिच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, 'अगं, ही स्प्रिंग बाजारात मिळाली तर महावितरणचं बिलच भरायला नको.'

वर्ग हसला. मग एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, ऊर्जा वाढतेय.'

'किती?'

त्याने ऊर्जेचा कॉलम काढला. सुरुवातीच्या २.७ पट. मॅडमनी दुरुस्ती सांगितली नाही, फळ्याकडेही गेल्या नाहीत. 'स्टेप निम्मी केलीस तर चूक किती होईल? आधी वहीत लिही, मग चालव.' बहुतेकांनी लिहिलं, निम्मी. चालवलं तर १.६५ पट आली. खरं तर ऊर्जा वाढायलाच नको, १ पटच राहायला हवी. म्हणजे वरची चूक १.७० होती ती ०.६५ झाली, निम्म्याहूनही कमी. मुलं बुचकळ्यात. कुणीतरी स्टेप ०.०१ केली : चूक ०.१०५. मग ०.००५ : ०.०५१. आता कुठे निम्मीच्या जवळ आली. 'म्हणजे स्टेप पुरेशी लहान असेल तेव्हाच निम्मीचा नियम चालतो,' हे वाक्य मागच्या बाकावरून आलं. शिक्षकाच्या तोंडून नाही.

शेवटच्या पंधरा मिनिटांत त्यांनी दोन ओळींची अदलाबदल करायला सांगितली. आधी वेग काढा, मग त्या नव्या वेगाने जागा काढा. बाकी काहीच बदलायचं नाही. पुन्हा स्टेप ०.१, पुन्हा शंभर फेऱ्या. या वेळी आलेख शहाण्यासारखा एका पट्ट्यात डोलत राहिला. लॅबमध्ये 'आं?' असा आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. या युक्तीला ऑयलर-क्रोमर म्हणतात. ॲलन क्रोमर यांनी १९८१ साली ती छापली आणि एका शाळकरी विद्यार्थिनीच्या हातून ओळींचा क्रम चुकल्यामुळे ती सापडली, हे श्रेयही दिलं. मॅडमनी ही गोष्ट मुलांना सांगितली, पण आलेख आल्यावर. आधी सांगितली असती तर ती नुसती गोष्ट झाली असती.

टिपणात लिहायच्या गोष्टी यात आहेत. चूक विद्यार्थ्याच्या हातून घडू दिली. प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी अंदाज वहीत लिहून घेतला. मोजमाप मुलांनी केलं. आणि शिक्षक बराच वेळ गप्प होता, जे आपल्यातल्या पुष्कळांना आयुष्यभर जमत नाही.

याच प्रात्यक्षिकाची दुसरी तऱ्हा तुम्हाला जास्त वेळा दिसेल. फळ्यावर प्रोग्रॅम, मुलं टाईप करतात, आलेख येतो, जर्नलमध्ये चिकटतो, सही होते. एक्स्टर्नल म्हणून गेले की बावीसच्या बावीस जर्नलमध्ये तेच आकडे, शेवटच्या दशांशापर्यंत, कारण सगळ्यांना स्टेप ठरवून दिलेली असते. हे शिकवणं आळशी असतं असं नाही. कधी कधी मेहनती शिक्षकच सगळं इतकं नीट आखून देतो की मुलाला चुकायला जागाच उरत नाही.

पायरी ४ : मुलांना एकच प्रश्न विचारा

बॅच सुटल्यावर तीन-चार मुलांना व्हरांड्यात थांबवा. हुशार मुलं शिक्षक स्वतःच पुढे करतील. तुम्ही मधल्या हजेरी क्रमांकांची निवडा. जर्नल उघडायला सांगा आणि विचारा : 'हे उत्तर बरोबर आहे, कशावरून?'

'प्रोग्रॅम चालला मॅडम, एरर नाही आली.' हे सर्वात सामान्य उत्तर. याचा अर्थ शिकवणं अजून सुरू व्हायचं आहे.

'सरांच्या उत्तराशी जुळलं.' थोडं बरं, पण सर कायम सोबत नसणार.

'स्टेप निम्मी करून बघितली, तिसऱ्या दशांशापर्यंत आकडा हलला नाही.' इथे कान टवकारा. 'घर्षण शून्य केलं तर पुस्तकातलं सूत्र मिळायला हवं, ते मिळालं,' हेही उत्तम. एकके तपासली, ऊर्जा टिकते का पाहिलं, अगदी सोप्या आकड्यांनी हाताने गणित करून ताडलं, यांतलं काहीही चालेल. विद्यार्थ्याने आपल्या उत्तरावर स्वतः संशय घेतला आणि तो कसा फेडला ते त्याला सांगता आलं, एवढंच बघायचं. या विषयात चांगलं शिकवणं कुठे आहे ते मला तरी या एका प्रश्नातून जितकं कळतं तितकं बाकी कशातून कळत नाही.

याला जोडून एक छोटी परीक्षा. पायथॉनमध्ये ०.१ दहा वेळा मिळवून बेरीज १ला समान आहे का, हे संगणकाला विचारायला सांगा. उत्तर येतं 'नाही', कारण बेरीज ०.९९९९९९९९९९९९९९९९ भरते. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिताच येत नाही. पुष्कळ शिक्षक इथे शत्रूची क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्राची गोष्ट सांगतात. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धाहरान. यंत्रणा शंभर तास सलग चालू, दशांश सेकंदाची ही बारीक काटछाट साचत साचत सुमारे ०.३४ सेकंदावर गेली, समोरून येणारं इराकचं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक मेले. गोष्ट खरी आहे, अंगावर काटा आणणारी आहे. पण ती सांगितली म्हणून गुण देऊ नका. गोष्टीनंतर मुलांनी काय केलं ते बघा. शंभर तासांचा हिशेब त्यांनी स्वतः मांडला का? आपल्याच जुन्या प्रोग्रॅममध्ये 'समान आहे का' असं विचारणाऱ्या ओळी शोधून बदलल्या का? नसतील, तर तो तास मनोरंजनाचा झाला.

चॅटजीपीटीचं काय, हे हल्ली प्रत्येक समितीत निघतंच. प्रोग्रॅम लिहून आणणं आता काहीच सिद्ध करत नाही. चांगल्या शिक्षकांनी यावर बंदीपेक्षा बरा तोडगा काढलाय. एक जण चालणारा पण चुकीचा प्रोग्रॅम हातात देतात आणि चूक कुठल्या आलेखावरून पकडली ते लिहायला लावतात. दुसऱ्या एक बाई तोंडी परीक्षेत फक्त एक संख्या बदलतात आणि विचारतात, 'आता आलेख वर जाईल की खाली? चालवू नकोस, सांग.' असं काही दिसलं तर तारखेसह नोंदवा.

पायरी ५ : मॉडेलवर शंका घ्यायला शिकवतात का?

आतापर्यंतची तपासणी आकडेमोडीची होती. आकडेमोड बिनचूक आणि मॉडेलच चुकीचं, असं होऊ शकतं, आणि हे शिकवणारे शिक्षक विरळा. याचं मला ठाऊक असलेलं सर्वात सुंदर उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे.

साथींचं जे गणित २०२०मध्ये सगळ्यांच्या तोंडी झालं, त्याचा पाया कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या १९२७च्या शोधनिबंधात आहे. मॅकेंड्रिक भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुखही होते. त्या निबंधात पडताळ्यासाठी एकच प्रत्यक्ष साथ घेतली आहे : मुंबई बेटावरचा प्लेग, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, दर आठवड्याचे मृत्यू. त्यांनी काढलेली वक्ररेषा आठवड्याला ८९० मृत्यूंच्या शिखरावर जाते आणि उतरते, आणि प्रत्यक्ष आकडे तिच्यावर जवळजवळ चपखल बसतात.

इथपर्यंत आलेख काढून बहुतेक वर्ग टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. मी पाहिलेल्या एका सरांनी आलेख फळ्यावर ठेवून विचारलं, 'प्लेग माणसाकडून माणसाला होतो का रे?' टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या वर्गात शांतता. मग कुणीतरी म्हणालं, उंदीर. पिसू. 'मग या मॉडेलमध्ये उंदीर कुठे आहे?'

कुठेच नाही. मॉडेल म्हणतं, निरोगी आणि आजारी एकमेकांत मिसळतात, रोग पसरतो, निरोगी संपत आले की साथ ओसरते. निबंधाचे लेखक प्रामाणिक होते. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, आपली गृहीतकं काटेकोरपणे लागू होत नाहीत आणि हे फार तर ढोबळ अनुमान आहे, असं त्यांनी स्वतःच नमूद केलंय. सरांनी पुढचा खडा टाकला. प्लेग मुंबईत १८९६ला आला आणि नंतर वर्षानुवर्षं ठरावीक हंगामात पुन्हा पुन्हा उसळत राहिला. निरोगी संपले म्हणून साथ ओसरली म्हणता, मग दर वर्षी उन्हाळ्यातच कशी ओसरते? मुलांची दोन तट पडून भांडणं झाली. एका गटाने घरी जाऊन ऋतूनुसार बदलणारा संसर्गदर घालून मॉडेल पुन्हा चालवलं. तीही रेषा त्याच आकड्यांवर बसली. दोन वेगळी कारणं, एकच आलेख. रेषा जुळली म्हणजे कारण कळलं असं होत नाही, हे त्या मुलांना आता पुन्हा सांगावं लागणार नाही.

असा एक तास वर्षभरात सापडला तरी शिफारशीचा निम्मा मजकूर तयार झाला समजा.

पायरी ६ : आकडे मागा, पण नेमके

विद्यापीठाचा निकाल बाजूला ठेवा. प्रश्न तेच असतील तर निकाल पाठांतराचाही असतो.

विद्यार्थ्यांच्या फीडबॅकचंही जपून. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. स्वतः झगडून शिकणाऱ्या गटातली मुलं परीक्षेत पुढे होती, पण 'आपण कमी शिकलो' असं त्यांनाच वाटत होतं. गोड व्याख्यान ऐकणाऱ्यांना उलट वाटत होतं. तेव्हा पाचपैकी ३.८ मिळालेल्या शिक्षकाला लगेच बाद करू नका. सत्राच्या सुरुवातीचा फीडबॅक कमी आणि शेवटचा चढता असेल, तर मी तो जास्त मानते.

खरा आकडा म्हणजे सत्राच्या आधीची आणि नंतरची तीच चाचणी. पाठांतर न चालणारे, संकल्पनेचे दहा-पंधरा प्रश्न पुरेत. मग अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांची रीत लावा : नंतरचे टक्के वजा आधीचे टक्के, भागिले शंभर वजा आधीचे टक्के. म्हणजे जेवढं शिकायचं बाकी होतं त्यातलं किती शिकले. एका वर्गाची सरासरी ३०वरून ५८वर गेली : २८ भागिले ७०, म्हणजे ०.४. दुसऱ्याची ६०वरून ७२वर : १२ भागिले ४०, ०.३. दुसऱ्या वर्गाचे गुण जास्त, पण शिकवणं पहिल्यात जास्त घडलं. हेक यांनी १९९८मध्ये यांत्रिकी (भौतिकशास्त्रातलं मेकॅनिक्स) शिकवणाऱ्या ६२ अभ्यासक्रमांचे, साडेसहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे आकडे असे मांडले होते. नेहमीच्या व्याख्यानांना सरासरी ०.२३, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांना ०.४८. वीस मुलांच्या बॅचवर हा आकडा उड्या मारतो, तेव्हा एका सत्रावरून निवाडा नको. दोन-तीन वर्षांचे असतील तर बघा.

पायरी ७ : लॅब बघून हुरळू नका, हिरमुसूही नका

चोवीस मुलांना बारा संगणक, त्यातले दोन बंद, यूपीएस नावापुरता. अशा लॅबमध्ये काम करणाऱ्याला महागड्या सॉफ्टवेअरच्या रकान्यात शून्य मिळतं. तो रकानाच खोडा. सायलॅब, पायथॉन फुकट आहेत. मोफत, मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात आणणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्यांचं बरंच साहित्य तयार केलंय आणि स्पोकन ट्यूटोरियलचे धडे मराठीतही ऐकता येतात. अगदी एक्सेलच्या पानावरही उत्तम संगणकीय विज्ञान होतं.

साताऱ्याकडची मुलं असतील तर कोयना धरण घ्या. क्षमता सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). कालचा साठा, अधिक आवक, वजा विसर्ग, बरोबर आजचा साठा. तीन कॉलम. पण पावसाचं पाणी धरणात यायला वेळ लागतो, तो किती धरायचा? जुलैमध्ये दरवाजे कधी उघडायचे? घाई केली तर दिवाळीनंतर पाणी नाही, उशीर केला तर नदीकाठची गावं. एवढ्यावर मुलं महिनाभर झुंजू शकतात, आणि ज्या मुलाचं घर त्या नदीकाठी आहे त्याला 'मॉडेल कशाला' हे समजावावं लागत नाही. एका संगणकावर दोघं बसणं हीसुद्धा अडचणच असते असं नाही. एकाने टाईप करायचं, दुसऱ्याने आधी काय दिसेल ते बोलायचं, दर वीस मिनिटांनी जागा बदलायच्या, अशी शिस्त कुणी लावली असेल तर ती बघा.

पायरी ८ : माणूस बदलला तर काय उरेल?

चांगल्या शिक्षकाची बदली होते आणि पुढच्या जूनमध्ये सगळं पहिल्यासारखं होतं. म्हणून विचारा : तुमच्या प्रात्यक्षिकांच्या शीट्स दुसऱ्या कुणी वापरल्या का? गणिताच्या विभागाशी बोलून विषयांचा क्रम जुळवला का?

नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठाने २००३च्या सुमारास विषयांची अशी जुळणी संपूर्ण पदवी अभ्यासक्रमातच बसवायला घेतली. पहिल्या सत्रात कलनगणित, संगणकीय गणित आणि प्रोग्रॅमिंग एकमेकांना धरून शिकवायचं, आणि दुसऱ्या सत्रात यांत्रिकीच्या शिक्षकाने ते सगळं येतंय असं धरूनच पुढे जायचं. हवेचा रोध धरून चेंडूचा मार्ग काढणं पहिल्याच वर्षी शक्य होतं, कारण कागदावर न सुटणारं समीकरण आता अडत नाही. त्यातून २०१६मध्ये तिथे यासाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. आपल्याकडे अभ्यास मंडळाच्या मंजुरीशिवाय एवढं हलवता येत नाही, हे मान्य. पण दोन शिक्षकांनी स्टाफरूममध्ये बसून 'तू मॅट्रिक्स सप्टेंबरआधी घे, मला लागतात' इतकं ठरवलं असेल तर तेही नोंदवण्यासारखं आहे.

पायरी ९ : आता फाईल उघडा आणि शिफारस लिहा

'सर अत्यंत तळमळीने शिकवतात, विद्यार्थीप्रिय आहेत, नवनवीन तंत्रज्ञानाचा वापर करतात.' हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून कुणालाच पडत नाही. त्याऐवजी असं लिहा : 'एसवायच्या स्प्रिंगच्या प्रात्यक्षिकात १९ पैकी १४ विद्यार्थ्यांनी न सांगता ऊर्जेचा आलेख काढला. बॅचनंतर विचारलेल्या चारपैकी तिघांना उत्तर तपासण्याची किमान एक रीत सांगता आली. याच शीट्स दुसऱ्या बॅचलाही वापरल्या जात आहेत.' तीन वाक्यं, आकडे तुमच्या डोळ्यांदेखतचे. कमतरताही एका ओळीत लिहा. निव्वळ स्तुतीच्या शिफारशीवर वरची समिती विश्वास ठेवत नाही, आणि ते रास्तच आहे.

सही करण्याआधी त्या शिक्षकांसोबत कँटीनमध्ये अर्धा तास बसा. समितीचे म्हणून बसू नका, जरा ऐसपैस. त्यांना विचारा, 'पुढच्या वर्षी यातलं काय गाळणार?' ज्यांना काहीच गाळायचं नसतं त्यांच्याबद्दल मी थोडी सावध होते. प्लेगवाल्या सरांना विचारलं तेव्हा त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. प्रत्येक बॅचनंतर तारीख घालून दोन-तीन ओळी. एका पानावर होतं : 'आज उंदराचं नाव मीच घेऊन टाकलं. अजून दोन मिनिटं गप्प बसायला हवं होतं.' त्या पानाची झेरॉक्स मी फायलीत सगळ्यात वर लावली, प्रमाणपत्रांच्या आधी.